कमिन्स आहे, मग डोळे मिटून घेऊ का? ट्रेलर ओढणाऱ्या डिझेल पिकअपच्या भरवशाची खरी गोष्ट

मागच्या महिन्यात टेक्ससमध्ये राहणाऱ्या माझ्या मामेभावाचा व्हॉइस मेसेज आला. "दादा, २०१९ चा रॅम २५०० मिळतोय. कमिन्स डिझेल आहे, सत्तर हजार मैल झालेत, गाडी एकदम चकाचक. आम्हाला मोठा कॅम्पर घ्यायचाय, तो ओढायला ट्रक हवा. कमिन्स म्हटल्यावर डोळे मिटून घेऊ ना?"

मी त्याला लगेच "हो" म्हणालो नाही. कारण काही वर्षांपूर्वी मीही असाच, नावावर विश्वास ठेवून, एक जुना डिझेल पिकअप घेतला होता आणि कोलोरॅडोच्या डोंगरात बायको-मुलांसकट चांगलाच अडकलो होतो. तो किस्सा पुढे सांगतोच. पण भावाला उत्तर देताना लक्षात आलं, की अमेरिकेत गेलेल्या अनेक मराठी मंडळींना हाच प्रश्न पडतो. भारतात बसून या ट्रकचे व्हिडिओ बघणाऱ्यांनाही पडतो. म्हणून हा लेख.

चला, अगदी मुळापासून बघूया.

हे ट्रक नेमके कोणते?

आपल्याकडे पिकअप म्हटलं की भाजीची किंवा दुधाची वाहतूक करणारी गाडी डोळ्यांसमोर येते. अमेरिकेतला हेवी ड्युटी पिकअप हा वेगळाच प्राणी आहे. फोर्डचे एफ-२५० आणि एफ-३५०, रॅमचे २५०० आणि ३५००, शेवरले-जीएमसीचेही २५०० आणि ३५००. याच्या खालचे म्हणजे एफ-१५० किंवा १५०० हे 'अर्धा टन', २५० किंवा २५०० हे 'पाऊण टन' आणि ३५० किंवा ३५०० हे 'एक टन'. ही जुनी नावं आहेत, आज प्रत्येकजण त्यापेक्षा बरंच जास्त वजन घेतो. आपण ज्या मोठ्या डिझेल इंजिनांबद्दल बोलतोय ती पाऊण टनापासून पुढे मिळतात. घोड्यांचा ट्रेलर, बोट, गवताचे गठ्ठे, खोदाईचं यंत्र किंवा चाकांवरचं घर म्हणजे कॅम्पर, हे सगळं ओढायला लोक हे ट्रक घेतात.

ओढायला डिझेलच का?

एका शब्दात सांगायचं तर टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा पीळ. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा प्रचंड दाबली जाते, ती तापते आणि त्यात डिझेल फवारलं की ते आपोआप पेटतं. इतका दाब सहन करायचा म्हणून ब्लॉक, क्रँकशाफ्ट, पिस्टन सगळं जाडजूड असतं. त्यात टर्बो जोडला की कमी आरपीएमला भरपूर टॉर्क मिळतो आणि इंजिनाला ओरडावं लागत नाही.

आकडे बघा. १९८९ मध्ये डॉज रॅममध्ये पहिल्यांदा ५.९ लिटरचं कमिन्स आलं तेव्हा त्याची ताकद होती १६० हॉर्सपॉवर आणि टॉर्क ४०० पौंड-फूट, म्हणजे साधारण ५४० न्यूटन-मीटर. २०२३ च्या फोर्ड सुपर ड्युटीमधलं जास्त ताकदीचं ६.७ लिटर डिझेल १,२०० पौंड-फूट देतं, म्हणजे १,६०० न्यूटन-मीटरच्या वर. आपल्याकडच्या मोठ्या डिझेल एसयूव्ही ३५० ते ४५० च्या आसपास असतात. यावरून अंदाज येईल.

उंचीवरही फायदा होतो. समुद्रसपाटीपासून ११ हजार फुटांवर हवेचा दाब जवळपास एक तृतीयांश कमी असतो. टर्बो जास्तीची हवा कोंबत असल्यामुळे बिनटर्बोच्या पेट्रोल इंजिनाइतका तिथे डिझेलचा दम जात नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. यातलं भरवशाचं कोणतं?

कमिन्सचं नाव कशामुळे झालं?

कमिन्स हे नाव आपल्याला परकं नाही. पुण्यात कोथरूडला किर्लोस्कर कमिन्स कित्येकांनी बघितली आहे, काहींच्या घरातलं कोणी ना कोणी तिथे नोकरीला होतं. रॅममध्ये आलेल्या त्या ५.९ लिटर बी-सिरीज इंजिनाचेच भाऊबंद टाटा-कमिन्सच्या जमशेदपूरच्या कारखान्यात तयार झाले आणि टाटाच्या ट्रकमध्ये बसून आपल्या हायवेवर धावले. टाटा-कमिन्सचा दुसरा कारखाना तर आपल्या साताऱ्यातल्या फलटणला आहे.

मुद्दा हा, की हे इंजिन पिकअपसाठी जन्मलेलंच नव्हतं. शेतीची यंत्रं, बांधकामाची यंत्रं आणि मध्यम आकाराचे ट्रक यांच्यासाठी ते बनलं होतं. सहा सिलिंडर एका ओळीत, कॅमशाफ्ट फिरवायला पट्टा किंवा साखळी नाही, थेट गिअर. १९९४ ते १९९८ च्या बारा व्हॉल्व्हच्या इंजिनात तर डिझेल पंपही पूर्ण यांत्रिक होता आणि त्याला वंगण मिळायचं इंजिन ऑइलचं. कॉम्प्युटर नाही, सेन्सरची गर्दी नाही. असं इंजिन लाखो मैल चाललं यात नवल नाही.

पण या गुणी बाळालाही खोड होती. बारा व्हॉल्व्हच्या इंजिनात पुढच्या बाजूला गिअरचं कव्हर नीट जागेवर बसावं म्हणून एक छोटी पोलादी पिन असते. कंपनाने ती हळूहळू सैल होऊन बाहेर सरकते आणि थेट फिरणाऱ्या टायमिंग गिअरमध्ये पडू शकते. तिथले जाणकार तिला 'किलर' पिन म्हणतात. त्यावरचा इलाज म्हणजे पिनसमोर पत्र्याची एक लहानशी पट्टी बसवायची, म्हणजे ती बाहेर येऊच शकत नाही. पट्टी बसवली असेल तर निश्चिंत. नसेल तर नावाजलेलं इंजिन एका बोटाएवढ्या पिनेने बसू शकतं.

१९९८ च्या मध्यावर चोवीस व्हॉल्व्हचं इंजिन आलं. नाव तेच, पण डिझेल पंप बदलला. नव्या पंपाला वंगण आणि गारवा दोन्ही डिझेलकडूनच मिळायचं. टाकीतून डिझेल पुढे ढकलणारा छोटा पंप कमजोर पडला की मोठा पंप कोरडा चालून मरायचा. त्याच काळातल्या काही ब्लॉकवर '५३' आकडा ओतलेला असतो, त्या ब्लॉकना तडे जाण्याचा त्रास झाला. म्हणजे १९९७ चा आणि २००० चा ट्रक शेजारी शेजारी उभे असतील, दोन्हीवर कमिन्स लिहिलेलं असेल, तरी विचारायचे प्रश्न वेगळे.

फोर्ड: बनवणारा एकच, नावं दोन टोकांची

फोर्डचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. २०१० पर्यंतच्या सुपर ड्युटीमधली 'पॉवर स्ट्रोक' डिझेल इंजिनं फोर्ड स्वतः बनवत नव्हती. ती इंटरनॅशनल ट्रकवाली नॅव्हिस्टार बनवायची.

१९९४ च्या मध्यापासून २००३ पर्यंत ७.३ लिटरचं पॉवर स्ट्रोक होतं. जड, गोंगाट करणारं, पण टिकाऊ. त्याचा नेहमीचा त्रास म्हणजे कॅमशाफ्टची जागा सांगणारा एक स्वस्तातला सेन्सर. तो गेला की चालतं इंजिन अचानक बंद. म्हणून या ट्रकचे मालक एक जादा सेन्सर आणि पाना गाडीतच ठेवतात.

२००३ मध्ये त्याच नॅव्हिस्टारकडून ६.० लिटरचं इंजिन आलं. ताकद जास्त, प्रदूषण कमी. आणि त्याने फोर्डच्या डिझेलचं नाव इतकं खराब केलं की आजही लोक '६.०' ऐकून दोन पावलं मागे सरकतात. असं काय झालं?

साखळी कशी होती बघा. इंजिन ऑइल गार करणारा कूलर दोन बाजूंच्या सिलिंडरच्या मधल्या खोबणीत होता. त्यातून जाणाऱ्या कूलंटच्या वाटा अगदी अरुंद. कूलंटमधला गाळ, ओतकामातली उरलेली रेती अशा गोष्टींनी त्या तुंबायच्या. ऑइल कूलरमधून निघालेलं कूलंट पुढे ईजीआर कूलरला मिळतं. हा कूलर एक्झॉस्टचा तापलेला धूर गार करून परत इंजिनात सोडतो. कूलंट कमी पडलं की तो भाजून फुटायचा आणि कूलंट इंजिनात शिरायचं. त्यात आणखी एक अडचण. जुन्या ७.३ ला प्रत्येक सिलिंडरभोवती हेडचे सहा बोल्ट होते, ६.० ला चार. दाब वाढला की हेड किंचित उचललं जायचं आणि गॅस्केट जायचं. ट्रेलर ओढताना दाब जास्तच असतो, त्यामुळे ओढणाऱ्यांना याचा फटका आधी बसला.

प्रकरण इतकं पेटलं की २००७ मध्ये फोर्डने नॅव्हिस्टारवर दावा लावला. २००९ मध्ये तडजोड झाली आणि पुढे पिकअपच्या डिझेलचं हे नातं संपलं. २०११ च्या मॉडेलपासून फोर्डने स्वतःचं ६.७ लिटर आणलं.

गंमत म्हणजे आज एखादा ६.० नीट दुरुस्त केलेला असेल, म्हणजे हेडला मजबूत स्टड, सुधारित ईजीआर कूलर आणि नवा ऑइल कूलर बसवलेला असेल, तर तो व्यवस्थित चालतो. दोष कुठे आहे हे सगळ्यांना माहीत झालंय, म्हणून उपायही माहीत आहे. चालत्या गाडीत तपासायची एक खूणही आहे. गाडी पूर्ण तापल्यावर हायवेला ऑइलचं तापमान कूलंटपेक्षा साधारण ८ अंश सेल्सिअसहून जास्त राहिलं, तर ऑइल कूलर तुंबतोय असं समजावं.

एक पंप, तीन कंपन्या

जनरल मोटर्सने २००१ च्या मॉडेलमध्ये जपानच्या इसुझूबरोबर मिळून ड्युरामॅक्स आणलं आणि त्याला ॲलिसनचा गिअरबॉक्स जोडला. ट्रेलर ओढणाऱ्यांना ती जोडी फार आवडली. पण पहिल्या एलबी७ इंजिनाचे इंजेक्टर खराब व्हायचे आणि ते व्हॉल्व्ह कव्हरच्या आत असल्यामुळे बदलायला मजुरीच भरमसाट लागायची. कंपनीला त्या इंजेक्टरची वॉरंटी ७ वर्षं किंवा २ लाख मैलांपर्यंत वाढवावी लागली. २००६-०७ चं एलबीझेड मात्र आजही लोक शोधून शोधून घेतात.

आणि मग आला सीपी४. हा बॉशचा हाय प्रेशर डिझेल पंप. ड्युरामॅक्सने तो २०११ ते २०१६ वापरला, फोर्डने २०११ पासूनच्या ६.७ मध्ये वापरला. यात एक रोलर कॅमवर फिरत वर-खाली होतो आणि त्याला वंगण फक्त डिझेलचं. काही कारणाने रोलर जागेवरच थोडा वळला, की फिरण्याऐवजी कॅमवर घासायला लागतो. लोखंडाचा बारीक चुरा डिझेलबरोबर पाइप, रेल आणि इंजेक्टरमध्ये, सगळीकडे पोचतो. मग नुसता पंप बदलून भागत नाही, पूर्ण इंधन यंत्रणा बदलावी लागते. बिल आठ-दहा हजार डॉलर सहज होतं.

त्याच काळात डिझेलही बदललं होतं. २००६ पासून अमेरिकेत गाड्यांच्या डिझेलमधलं सल्फर १५ पीपीएमवर आणलं गेलं. सल्फर काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा नैसर्गिक वंगणपणा कमी होतो, म्हणून त्यात वेगळं वंगण मिसळावं लागतं. वंगणपणाची युरोपची अट अमेरिकेपेक्षा कडक आहे. चाचणीत झिजेचा डाग युरोपात ४६० मायक्रॉनपर्यंत चालतो, अमेरिकेत ५२० पर्यंत.

या काळात रॅम-कमिन्सवाले मात्र निवांत होते, कारण त्यांच्याकडे जुना, दणकट सीपी३ पंप होता. "बघा, आमचं कमिन्स!" असं ते म्हणायचे. आणि २०१९ च्या मॉडेलला रॅमच्या ६.७ कमिन्समध्येही सीपी४ बसवला गेला. दोन वर्षं. मग २०२१ मध्ये दोन लाखांहून जास्त ट्रक परत बोलावण्याची वेळ आली आणि त्यात सीपी४ काढून सीपी३ बसवून देण्यात आला. इकडे ड्युरामॅक्सने २०१७ मध्येच सीपी४ सोडून डेन्सोचा पंप घेतला होता.

म्हणजे २०१९ साली ज्याच्या नावावर लोक डोळे मिटून पैसे टाकत होते, त्याच ट्रकमध्ये सगळ्यात बदनाम पंप होता. आणि माझ्या भावाने कोणतं वर्ष सांगितलं होतं? २०१९!

धूर गाळणारी यंत्रणा आणि कमी चाललेला ट्रक

२००७ पासून अमेरिकेत या ट्रकना डीपीएफ आला, म्हणजे काजळी गाळणारा फिल्टर. नंतर डीईएफ नावाचा युरियाचा द्रवही आला. भारतात एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर आपल्याकडच्या डिझेल गाड्यांनाही याची ओळख झाली.

डीपीएफमधली काजळी जाळायला एक्झॉस्ट चांगला तापावा लागतो. जड ट्रेलर घेऊन हायवेला धावणाऱ्या ट्रकमध्ये तो आपोआप तापतो. उलट रोज पाच मैलांवरच्या ऑफिसला एकटा माणूस घेऊन जाणाऱ्या ट्रकमध्ये तो तापतच नाही, फिल्टर तुंबत राहतो. म्हणून 'कधी ट्रेलर ओढलाच नाही' ही जाहिरात नेहमीच चांगली बातमी नसते.

इथे एक साधं गणित उपयोगी पडतं. बहुतेक नव्या ट्रकमध्ये इंजिन किती तास चाललं हे दिसतं. मैलांना तासांनी भागा. एक लाख मैल आणि अडीच हजार तास म्हणजे सरासरी वेग ताशी ४० मैल, ट्रक हायवेला चाललाय. एक लाख मैल आणि पाच हजार तास म्हणजे सरासरी २०, तो बराच वेळ नुसता उभा राहून घुरघुरलाय. ओडोमीटर सारखाच, पण इंजिनाचं वय दुप्पट.

कंटाळून काही लोक डीपीएफ काढून टाकतात आणि कॉम्प्युटरमध्ये जास्त ताकदीचा प्रोग्राम घालतात. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार हे बेकायदा आहे. शिवाय वाढलेली ताकद गॅस्केट आणि गिअरबॉक्सच्या मुळावर येते.

माझा किस्सा

आता माझं सांगतो. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण चूक कंपनीची नव्हती. माझ्या ट्रकचं इंजिन सगळ्यांनी वाखाणलेलं. मी पण फक्त इंजिनच बघितलं, आवाज ऐकला, खूश झालो आणि पैसे दिले.

पहिल्याच उन्हाळ्यात डेन्व्हरहून आय-७० ने पश्चिमेला निघालो. मागे कॅम्पर, गाडीत बायको आणि दोन मुलं. हा रस्ता आयझेनहॉवर बोगद्यापाशी ११ हजार फुटांच्या वर जातो. चढावर इंजिन मजेत चाललं होतं, पण गिअरबॉक्सच्या तापमानाचा काटा चढत चढत लाल पट्ट्यात गेला. बाजूला थांबलो. पाऊण तास मुलांना बिस्किटं देत बसलो आणि परत निघालो.

खरी परीक्षा बोगद्यानंतर होती. तिथून सिल्व्हरथॉर्नपर्यंत सहा-सात टक्के उतार आहे. ब्रेक गेलेल्या ट्रकसाठी बाजूला खडीचे चढ करून ठेवलेत, यावरून समजा. डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखा हवा अडवणारा थ्रॉटल नसतो, त्यामुळे पाय उचलला तरी ते गाडीला फारसं रोखत नाही. म्हणून एक्झॉस्ट ब्रेक लागतो. टर्बोची पाती मिटून धुराची वाट अडवायची, म्हणजे इंजिनच गाडीला मागे धरतं. २००७ नंतरच्या ६.७ कमिन्समध्ये तो कंपनीतूनच येऊ लागला, बाकीच्यांनीही पुढे दिला. माझ्या ट्रकला नव्हता. मी ब्रेकवर पाय ठेवून उतरत राहिलो. आधी जळका वास, मग पुढच्या चाकातून धूर, आणि पेडल मऊ पडायला लागलं. कसाबसा एका रुंद जागेत ट्रक थांबवला. बायको काही बोलली नाही. ती न बोलल्यामुळे मला जास्त कळलं.

नंतर मेकॅनिकने तीन गोष्टी दाखवल्या. गिअरबॉक्सचं ऑइल काळंकुट्ट, करपलेल्या वासाचं, बहुधा कधीच बदललेलं नाही. कॉम्प्युटरमध्ये आधीच्या मालकाने घातलेला जास्त ताकदीचा प्रोग्राम. आणि ट्रेलरच्या ब्रेकला वीज नेणारा मागचा सॉकेट गंजलेला, म्हणजे कॅम्परचे ब्रेक लागतच नव्हते, सगळं वजन ट्रकचे ब्रेक एकटे सांभाळत होते. इंजिन? इंजिनात काहीही खोट नव्हती.

आपल्याकडे ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन उतार उतरणारा ट्रॅक्टरवाला हे जाणतो. ओढण्यापेक्षा धरून ठेवणं अवघड. माझ्या शेजारी घोडे पाळणारा एक म्हातारा गृहस्थ आहे, त्याला हे सांगितलं तर तो हसला आणि म्हणाला, "तू इंजिन विकत घेतलंस, ट्रक घ्यायचा राहिला."

जाहिरातीतला आकडा आणि दाराचा स्टिकर

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. जाहिरातीत लिहिलेलं असतं 'वीस हजार पौंड ओढतो'. हे खोटं नसतं. पूर्वी प्रत्येक कंपनी आपल्या मनाने आकडा द्यायची. पुढे एसएई संस्थेची जे२८०७ ही समान चाचणी आली. त्यात ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळचा सुमारे १८ किलोमीटरचा चढ, एसी पूर्ण चालू ठेवून, ठरलेल्या वेगाच्या खाली न जाता चढायचा असतो. मागे दोनच चाकं असलेल्या ट्रकसाठी तो वेग ताशी ४० मैल.

पण ओढणं वेगळं आणि पाठीवर घेणं वेगळं. ट्रेलरचं काही वजन ट्रकवर टेकतं. साध्या, मागच्या हुकाच्या ट्रेलरचं साधारण १० ते १५ टक्के. हौद्यात कपलिंग असलेल्या 'फिफ्थ व्हील' कॅम्परचं १५ ते २५ टक्के. हे वजन ट्रकच्या पेलोडमध्ये मोजलं जातं आणि पेलोडचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो.

माझ्या भावाचं गणित मांडू. त्याला आवडलेला फिफ्थ व्हील सामानासकट १२ हजार पौंडांचा, म्हणजे साधारण ५,४०० किलो. त्याचे २० टक्के म्हणजे २,४०० पौंड ट्रकवर टेकणार. मी त्याला स्टिकरचा फोटो पाठवायला सांगितला. पेलोड २,१०० पौंड! अजून तो, वहिनी, दोन मुलं आणि कुत्रा गाडीत बसलेलेच नाहीत, कपलिंगचं वजनही धरलेलं नाही. जाहिरातीप्रमाणे हा ट्रक जवळपास वीस हजार पौंड ओढतो आणि भावाचा बारा हजारांचा कॅम्पर त्याला पेलत नाही.

कारण डिझेल इंजिनच इतकं जड असतं की पाऊण टनी ट्रकच्या ठरलेल्या एकूण वजनातला मोठा वाटा तेच खातं. म्हणून मोठ्या फिफ्थ व्हीलला एक टनी ३५०० लागतो.

जुना डिझेल पिकअप घेताना हे बघा

१. कंपनीचं नाव नको, वर्ष आणि इंजिनाची पिढी विचारा. त्या वर्षाचा ठरलेला दोष कोणता आणि तो दुरुस्त केलाय का, याची पावती बघा.

२. अमेरिकेच्या एनएचटीएसएच्या साइटवर गाडीचा व्हीआयएन टाकून रिकॉल बाकी आहे का ते तपासा. फुकट आहे.

३. मैल आणि इंजिनाचे तास दोन्ही बघा.

४. गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललं? रॅमवर कमिन्स लिहिलेलं असलं तरी गिअरबॉक्स कमिन्सचा नसतो.

५. कॉम्प्युटरमध्ये बाहेरचा प्रोग्राम आहे का? डीपीएफ जागेवर आहे का?

६. एक्झॉस्ट ब्रेक, ट्रेलर ब्रेकचा कंट्रोलर आणि मागचा सॉकेट ट्रेलर जोडून तपासा. आवारात नुसतं फिरवून काही कळत नाही.

७. डिझेल फिल्टर वेळेवर बदललाय का, तेही विचारा. डिझेलमधलं पाणी या पंपांचं वैरी आहे.

८. सगळ्यात आधी ट्रेलर ठरवा, त्याचं भरलेलं वजन काढा, दाराचा स्टिकर वाचा, मग ट्रक शोधा.

मग जुन्या ट्रकचं कौतुक खोटं का?

नाही, खोटं नाही. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. आज रस्त्यावर दिसणारा १९९५ चा ट्रक हा टिकलेल्यांपैकी आहे, जे बिघडले ते कधीच भंगारात गेले. आणि त्या ट्रककडून मागणंही कमी होतं. १६० हॉर्सपॉवरचं इंजिन डोंगर हळूहळू चढायचं, तक्रार कोणी करत नव्हतं. आज तोच चढ ताशी ६० मैलांनी, तिप्पट टॉर्कने, धूर गाळून, एसी लावून चढायचा असतो. आपल्याकडे म्हणतात ना, नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. इथे सोनूबाईकडे सोनं आहेच, फक्त ते कोणत्या हातात आहे हे बघावं लागतं.

भावाला मी शेवटी एवढंच सांगितलं, "डोळे उघडे ठेवून घे." त्याने व्हीआयएन टाकून बघितला, पंपाचा रिकॉल बाकीच होता. विकणाऱ्याला ते ठाऊकही नव्हतं. ट्रक वाईट नव्हता, पण त्या कॅम्परसाठी तो नव्हताच. आता तो ३५०० शोधतोय. वहिनीचं म्हणणं, त्यापेक्षा लहान कॅम्पर घेऊ. मला विचाराल तर वहिनीचं बरोबर आहे.